आमच्या काळी

‘आमच्या काळी’ असं सरदारांनी सुरू केलं, की नवख्या माणसाला वाटतं, आता बहात्तरचा दुष्काळ निघणार. सुकडी, खडी फोडायची कामं, अमेरिकेचा तांबडा मिलो, असं काहीतरी. तो हळहळायच्या तयारीने सावरून बसतो. आणि सरदार म्हणतात, ‘आमच्या काळी भीमेच्या ह्या तीरापासून पार तुंगभद्रेपर्यंत एकच राज्य होतं. जयसिंह महाराजांचं.’ पाहुणा माझ्याकडे बघतो. मी डोळ्यांनीच सांगतो, की चहा येईपर्यंत ऐका, मग सुटका आहे.

आधार कार्डावर सरदारांचं वय ६८ आहे. स्वतःच्या हिशेबाने ते शके ९४० चे, म्हणजे इसवी सन १०१८ चे. मधली हजार वर्षं त्यांनी रजा टाकल्यासारखी बाजूला ठेवली आहेत.

असा माणूस दर तालुक्याला एक असतोच. कुठे तो रिटायर झालेला तलाठी असतो, कुठे गडावर जाणाऱ्या पोरांचा म्होरक्या, कुठे मंगल कार्यालयाचा मालक. आमच्या मंद्रूपला तो बाँडरायटर आहे. सोलापूर–विजापूर रस्त्यावरचं हे गाव; इथे सासू कन्नडमध्ये रागावते आणि सून मराठीत ऐकून घेते. कचेरीबाहेर लिंबाखाली सरदारांचं टेबल. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, जे पाहिजे ते. ‘सरदार’ हे नाव स्टँडवरच्या हॉटेलात पडलं. ठेवणाऱ्यांनी टवाळीने ठेवलं; ह्यांनी ते मानाने घेतलं आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलं. अंगात पांढरा नेहरू शर्ट, खांद्यावर सोलापुरी टॉवेल, मिशीला वरच्या बाजूने पीळ, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला पितळी कट्यार. गाडी स्प्लेंडर. तिच्या मडगार्डवर ‘चेतक’ लिहिलंय. चेतक नावाची स्कूटर पूर्वी खरोखरच मिळायची, हे मी एकदा बोललो तर चार दिवस त्यांनी माझा चहा घेतला नाही.

सरदारांच्या दिवसाच्या तीन पाळ्या आहेत. सकाळी कोवळ्या उन्हात ते चालुक्य असतात. जेवून पान लावलं की यादव. दिवेलागणीला मराठे. रात्री बोलणं पेशवाईवर आलं की ऐकणारे चपला शोधायला लागतात, कारण पेशवाईनंतर इंग्रज येणार आणि इंग्रज आले की सरदारांचा रक्तदाब वाढणार, हे गावाला पाठ आहे.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या मातीत ते बसलेत तिला खरंच काही सांगायचं आहे. मंद्रूपहून थोडं पुढे गेलं की भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे हत्तरसंग कुडल. संगमेश्वराचं देऊळ, हरिहरेश्वराचं देऊळ, आणि मातीखालून निघालेलं ते ३५९ मुखांचं शिवलिंग. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा लेख आहे, आणि मराठीतल्या अगदी पहिल्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. ह्या माणसाने जिल्हाभर असले दगड धुंडाळत जन्म काढला. लेखाच्या शेवटी भावार्थ असा, की हे जो वाचील तो विजयी होईल.

आता कोरणाऱ्याने हे सहज कोरलं असेल. सरदारांनी त्याचा धंदा नाही, पण कायदा केला. दहावीची पोरं परीक्षेआधी कुडलला न्यायची, तुळईखाली उभी करायची आणि मोठ्याने वाचून घ्यायचं. जी पास झाली ती शके ९४० मुळे. नापासांबद्दल त्यांचं म्हणणं, उच्चार चुकला. ग्रामपंचायतीच्या एका इलेक्शनला एक उमेदवार ह्यांच्याबरोबर जाऊन विधिवत वाचून आला आणि सपाटून पडला. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो, की आता काय म्हणताय? सरदारांनी चष्मा पुसला. ‘त्यानं वाचलं. पण निवडून आलेला त्याच्या आधी वाचून गेला होता. मीच नेलं होतं.’

ह्याच सरदारांना देवळाला कुणी ‘हेमाडपंती’ म्हटलं की मात्र आग होते. हेमाद्री झाला यादवांकडे, तेराव्या शतकात. देऊळ त्याच्या आधी अडीचशे वर्षांचं. ‘तुमचा आजा तुमच्या नातवानं बांधला का?’ असं ते विचारतात. इथे त्यांचं बरोबर आहे, आणि बरोबर असले की ते फार त्रास देतात.

पण स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा सगळी शतकं एकदम आत आली. माळवदाचं जुनं घर पाडून त्यांनी आरसीसी काढलं. गच्चीच्या कठड्याला किल्ल्यासारखे चर्येचे दात. दाराला दोन्ही बाजूंनी हत्ती; फायबरचे, आतून पोकळ, त्यातल्या एकात इन्व्हर्टरची बॅटरी. हॉलमध्ये छताला देवळातल्यासारखं उलटं कमळ. प्लास्टर ऑफ पॅरिसचं, मधोमध पंखा. खिडक्यांच्या कमानी वर टोकदार. मी म्हटलं, ‘सरदार, चालुक्यांच्या खिडक्या अशा नव्हत्या. ही कमान तर मुंबईच्या स्टेशनाची.’ ते म्हणाले, ‘मिस्त्रीला हीच जमते.’

त्यांना वाटतं, हा खुळेपणा करणारे जगात ते पहिले. मी मुंबईत नोकरीला होतो आणि दुपारच्या सुट्टीत लायब्ररीत बसायचो, म्हणून मला त्यांचे थोरले भाऊबंद ठाऊक आहेत. सगळे इंग्रज. लंडनजवळ ट्विकनहॅमला होरेस वॉलपोल नावाचा एक गृहस्थ होता, पंतप्रधानाचा मुलगा. अठराव्या शतकाच्या मध्याला, जेव्हा सगळी शहाणी माणसं ग्रीक पद्धतीचे खांब उभारत होती, तेव्हा ह्याने आपल्या बंगल्याला मध्ययुगीन मठाचं रूप दिलं. स्ट्रॉबेरी हिल त्याचं नाव. दालनाचं छत जुन्या चर्चसारखं, दगडी पंख्यांच्या नक्षीचं. फक्त दगड नव्हता, कागदाचा लगदा होता. वर सोनेरी मुलामा. पुढे १७६४ साली त्याने भुताखेतांची एक कादंबरी लिहिली आणि पहिल्या आवृत्तीत छापून टाकलं, की हे आपलं नव्हे, एका जुन्या इटालियन पोथीचं भाषांतर आहे. लोकांनी मानलं. खपली तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबूल झाला.

हे ऐकून सरदार खूश झाले. ‘कागदाचा लगदा? मग आमचं पीओपी बरं.’

दुसरा विल्यम बेकफर्ड. त्याचं घराणं जमेकातल्या उसाच्या मळ्यांवर आणि तिथल्या गुलामांच्या घामावर गबर झालेलं. त्याने फाँटहिल इथे मठाच्या धाटणीचा महाल बांधून त्यावर सत्तर-ऐंशी मीटरांच्या वर जाणारा मनोरा चढवला, तोही घाईघाईने. साखरेचा पैसा आला की मनोरा बांधावासा वाटतो, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. पैसा आटला तेव्हा १८२२ साली त्याने तो महाल विकला. घेणारा होता बंगालमध्ये दारूगोळ्याच्या ठेक्यावर श्रीमंत झालेला एक स्कॉट. १८२५ च्या डिसेंबरात मनोरा आपोआप खाली बसला. सरदारांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रीला बोलावून कठड्याचे दात हलवून पाहिले.

घर झालं तशी त्यांची शिकवणी मोबाईलवर सुरू झाली. रोज पहाटे स्टेटस: डावीकडे कुडलच्या देवळाचा कोरीव खांब, खाली ‘तेव्हा’. उजवीकडे स्टँडवरची मुतारी, खाली ‘आता’. डावीकडे पुष्करणी, उजवीकडे पाण्याचा टँकर. डावीकडे शिल्पातली सुरसुंदरी. उजवीकडे काय टाकावं ह्यावर काकूंनी वेळीच लक्ष घातलं. ही युक्ती जुनी आहे. वेस्टमिन्स्टरचं पार्लमेंट १८३४ मध्ये जळालं आणि नवं बांधताना चार्ल्स बॅरीच्या हाताखाली नक्षीकामाला जो पोरगेला पुगिन होता, त्याने १८३६ मध्ये ‘काँट्रास्ट्स’ नावाचं पुस्तक काढलं. पुढच्या, १८४१ च्या आवृत्तीत एकाच गावाची दोन चित्रं: १४४० मध्ये नुसते कळस; १८४० मध्ये नुसती धुराडी आणि पुढ्यात तुरुंग. पुगिन मुतारीपर्यंत गेला नव्हता एवढंच. त्याच्याही चित्रात १४४० सालची देवी, प्लेग, उपासमार कुठे दिसत नाही. कळसाच्या चित्रात ती येत नसते.

एकदा सलूनमध्ये बसले असताना सरदारांना बारा बलुतेदार आठवले. केवढी सुंदर व्यवस्था होती, म्हणाले. पैशाचं नाव नाही. सुतारानं नांगर करावा, लोहारानं फाळ घालावा, कुंभारानं मडकी द्यावीत, सुगीला ज्याच्या त्याच्या वाट्याचं खळ्यावरून न्यावं. गाव म्हणजे आपल्यापुरतं एक राज्य! ती परत आणली पाहिजे.

सलूनवाला त्यांच्या गालाला फेस लावत होता. तो थांबला.

‘आणा की, काका. माझं काय म्हणणं नाही. फक्त ह्या खेपेला पाटील मी होतो, आणि वस्तरा तुम्ही धरा.’

‘अरे, तसं नसतं ते. ज्याचं त्याचं काम ठरलेलं.’

‘कुणी ठरवलेलं?’

सरदारांनी उत्तर दिलं नाही. वस्तरा गळ्यावर होता. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘पोरगं कम्युनिस्ट होऊलालंय.’

गंमत अशी, की गाव म्हणजे छोटं प्रजासत्ताक, हे जे वाक्य सरदार आजीकडून ऐकल्याच्या थाटात सांगतात ते मूळचं इंग्रज साहेबाचं. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये सरकारी टिपणात हिंदुस्थानी गावांचं तसं वर्णन केलं. मग हेन्री मेनने १८७१ मध्ये पूर्वेकडची गावं आणि युरोपातली जुनी गावं शेजारी ठेवून पुस्तक लिहिलं. विलायतेत गिरण्या आल्या, गावं ओस पडली, तेव्हा साहेबाला स्वतःच्या हरवलेल्या खेड्याची आठवण झाली आणि ते त्याला आमच्याकडे सापडलं. त्याच सुमाराला रस्किन सांगत होता, की जुन्या चर्चचा ओबडधोबड दगडसुद्धा मोलाचा, कारण तो घडवणारा पाथरवट मनाचा राजा होता. विल्यम मॉरिस तेच वाचून हाताने कापड छापायला, विणायला लागला. मग त्याच्या ध्यानात आलं, की हातच्या वस्तू महाग पडतात आणि गिरणीवालेच त्या विकत घेतात, तेव्हा चिडून तो समाजवादी झाला. रस्किनचं ‘अन्टु धिस लास्ट’ १९०४ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या आगगाडीत वाचलं, आणि ‘सर्वोदय’ ह्या नावाने त्याचा सारांश आपल्याकडे आला. इकडे गावगाडा आतून पाहिलेला माणूस म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे. महसूल खात्यातला. त्याने १९१५ साली ‘गावगाडा’त बलुत्याची गोडी सांगितली तशी त्यातली पिळवणूक, फुकटेपणा आणि मागून खायची सवयही सांगितली. सरदारांकडे हे पुस्तक आहे. निम्म्या पानांना त्यांनी खुणा केल्यात, उरलेल्या निम्म्या पानांची घडीही मोडलेली नाही. कुठली निम्मी, हे सांगायला नको.

हातमागावर ते कळवळून बोलतात. खांद्यावरचा टॉवेल पॉवरलूमचा.

नुसतं गावच नाही, सरदारांचे घोडेसुद्धा परदेशी आहेत. लहानपणी त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांचा फडशा पाडला. रात्रीचा अंधार, बुरुजावर दिवा, वेषांतर केलेला तरुण, त्याचा विश्वासू घोडा, बंदिवान कन्या. आता ही सगळी मंडळी आली कुठून? वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ निघाली १८१९ च्या अखेरीस. तिने अर्ध्या युरोपाला चिलखतांचं वेड लावलं. मग मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत आमची पोरं स्कॉट वाचून बाहेर पडली. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची; तिच्यापासून मराठीत ऐतिहासिक कादंबरी धरतात. पुढे हरिभाऊ आपटे, स्कॉट पचवलेले. आमच्या अंगणातही एक साहेब होताच. मेडोज टेलर नळदुर्गला कारभार बघायचा. त्याची १८६३ ची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी आमच्या तुळजापूर-विजापूरकडची, शिवाजीमहाराज आणि अफझलखानाच्या काळातली. ह्याचा अर्थ आपला इतिहास उसना असा नाही. इतिहास आपलाच, पण तो आठवायची जी धाटणी सरदारांच्या डोळ्यांपुढे आहे, तो दौडत येणारा एकटा स्वार आणि खिडकीतली ती मुलगी, ती बोटीतून आली. मी हे सांगायला गेलो तर सरदारांनी कानाला हात लावले. ‘एवढं एक तरी आमचं राहू द्या ओ.’

एका मालमत्तेच्या कामाला त्यांना मुंबईला जायचं होतं, मी सोबत गेलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. बाहेर रस्त्यावर आल्यावर सरदारांनी मागे वळून वर पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. माणसं त्यांना ढकलून जात होती. त्यांना टोकदार कमानी दिसल्या, मनोरे दिसले, भिंतीतून माना काढून पाणी ओकणारी दगडी जनावरं दिसली, मोर दिसले, माकडं दिसली. बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द नाही. मग हात जोडून म्हणाले, ‘हे आमच्या काळातलं.’

मी सांगितलं, की सरदार, हे स्टेशन आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलं, १८७८ ला काम सुरू, १८८८ ला संपलं. बांधणारी जीआयपी रेल्वे कंपनी. तिचीच गाडी १८६० मध्ये सोलापुरात आली होती. वाफेचं इंजिन, तारायंत्र, तिकीटविक्री, सगळा नवा कारभार. आणि त्यावर घातलेला झगा चौदाव्या शतकाचा. नक्षी आपल्या जेजे स्कूलच्या पोरांनी खोदली.

‘मग झगा कशाला?’

ह्या प्रश्नाचं उत्तर विद्वानांनी जाडजूड पुस्तकांत दिलंय. मला एवढंच सुचलं, ‘तुमच्या हत्तीत बॅटरी कशाला?’

ते हसले नाहीत. त्यांची नजर घुमटावर गेली होती. वर एक बाई उभी आहे, हातात मशाल. ‘ही देवी कुठली?’ मी म्हटलं, ‘प्रगती.’ सरदारांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्या बाईला शिव्या घातल्या ती ह्या सगळ्या देवळाच्या कळसावर! पिशवी उचलून ते तडक टॅक्सीच्या दिशेने चालायला लागले.

राजाबाई टॉवरपाशी जरा शांत झाले. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले, १८७८ मध्ये पुरा झाला, नकाशा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. मी म्हटलं, आणि हा स्कॉट मुंबईत एकदाही आला नाही. लंडनमध्ये बसून कागद पाठवले. सरदारांनी मान डोलावली. ‘मग मी तरी जयसिंह महाराजांकडे कुठं गेलोय?’

पुतण्याच्या लग्नाची हकीकत सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही. ‘शाही विवाह सोहळा’ असं पॅकेज सोलापूरहून ठरवलं: भालदार, चोपदार, तुतारी, पंचवीस मावळे, दोन घोडे, रथ, आणि लॉनच्या दाराशी चाळीस फुटी बुरुज. बुरुज बांबूचा, वर दगडाचं चित्र छापलेलं फ्लेक्स. मावळे म्हणजे कॅटरिंगचीच पोरं; वाढायच्या वेळी त्यांनी ढाली ठेवून बादल्या घ्यायच्या, असं करारात होतं. मे महिना, आणि मुहूर्त संध्याकाळचा. आम्ही दहा जणांनी सांगितलं, की ओ, वळीव गाठतोय. ‘स्वारी वळवाला भीत नसते,’ सरदार म्हणाले.

नवरदेव घोड्यावर वेशीपाशी आला आणि विजापूरकडून काळं भरून आलं. पहिल्या गडगडाटाला घोडा जो वळला तो थेट ऊस ज्यूसच्या गाड्यावर. चोपदाराने ललकारी सुरू केली होती ती त्याने थांबवली नाही, कारण त्याला पूर्ण ललकारीचे पैसे होते. तुतारीत पाणी शिरलं. तिच्यातून जो आवाज निघाला तो ऐकून वरमाय हसली आणि मग हसूच आवरेना. मावळ्यांनी ढाली डोक्यावर घेतल्या, त्यांच्या खाली करवल्या शिरल्या. बुरुजाने दोनदा मान हलवली आणि मांडवावर आडवा झाला. कुणाला लागलं नाही; फ्लेक्सच्या दगडांना वजन नसतं. ह्या सगळ्यात सरदार वेशीत उभे. कमरेला तलवार, जरीचा फेटा ओघळून मिशीत गुलाबी रंग उतरलेला, आणि हातात खताच्या कंपनीची छत्री.

दुसऱ्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत. मी गेलो. समाचाराला गेल्यावर काहीतरी बोलावं लागतं, म्हणून एग्लिंटनची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक १८३८ मध्ये झाला तेव्हा सरकारने काटकसर करून जुना शाही थाट कापला. जुन्या घराण्यांतली पोरं खवळली. मग स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनच्या अर्लने ठरवलं, की आपणच खरं मध्ययुग करून दाखवू: चिलखतं, भाले, घोड्यांवरच्या झुंजी, सौंदर्याची राणी. लंडनमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने चिलखतं पुरवली. हजारो पौंड उडाले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये, २८ तारखेला, लाखभर माणूस लोटला असं सांगतात. स्वारी निघाली आणि आभाळ फाटलं. मांडव गळला, वाटा चिखलात बुडाल्या, पंगतीचा बोऱ्या वाजला. खेळाचा राजा म्हणून मिरवणारा लॉर्ड लंडनडेरी झगा सावरत, छत्री उघडून बसला. वर्तमानपत्रांनी ती छत्री पुढे कितीतरी दिवस पुरवून खाल्ली.

सरदार उठून बसले. ‘छत्री? राजानं?’

‘हो.’

‘झुंजी नंतर झाल्या का?’

‘दोन दिवसांनी. ऊन पडल्यावर.’

‘बघा!’ ते आत वळून ओरडले, ‘अगं ए, चहा टाक!’ संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की इंग्लंडच्या राजघराण्यातही असंच घडलं होतं आणि तिथे तो मान समजतात.

सरदारांना एक गोष्ट मात्र खरीखुरी येते, ती म्हणजे मोडी. वडिलांकडून शिकले. टेबलाशी कुणी जुना कागद आणला की ते टॉवेलाने हात पुसतात, कागद उजेडाकडे तिरका धरतात, आणि त्यांचा आवाज बदलतो. डोक्यावरच्या एका लांब रेघेला टांगलेली, हात न उचलता लिहिलेली ती अक्षरं. शब्द कुठे तुटतो तेही कळत नाही. सरदार ती ओठ न हलवता वाचतात, अडलं तर बोटाने हवेत गिरवतात. तेवढा वेळ जयसिंह नाही, मिशी नाही, काही नाही. २०२३ च्या अखेरीला कुणबी नोंदींसाठी जिथे तिथे जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. लिंबाखाली रांग लागली. प्रत्येकाला वाटायचं, आपल्या कागदात वाडा, वतन, निदान एखादं नाणं तरी असेल. निघायचं काय, तर बैलाच्या खरेदीचा करार. बांधाची भांडणं. अमक्याने तमक्याकडून अमुक ज्वारी उचलली, सुगीला दिडीने फेडायची. सरदार ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे आणि माणसं हिरमुसून कागद पिशवीत घालायची.

त्यांच्या स्वतःच्या घरचा रुमाल माळवद पाडताना भिंतीतल्या देवळीत सापडला होता. तो त्यांनी बरेच दिवस सोडला नव्हता. एका रविवारी सोडला. आत एकच कागद धड होता. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि कुणाला काही न बोलता सोलापूरला नेऊन सोनेरी चौकटीत बसवून आणला. आता तो हॉलमध्ये, पीओपीच्या कमळाखाली, दोन आडव्या तलवारींच्या मधोमध लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, ‘सनद का, सरदार?’ ते मिशीवर हात फिरवतात. हो म्हणत नाहीत. नाहीही म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात सून बघायला आलेली पाहुणे मंडळी हॉलमध्ये बसली होती. त्याच वेळी सलूनवाल्याचं पोरगं लाइट बिल द्यायला आलं. हे पोरगं सोलापूरला कॉलेजात आहे, तिथे त्याने मोडीचा वर्ग केलाय, आणि वर्ग नुकताच केलेल्या माणसाला दिसेल तो कागद वाचायची खाज असते. ते चौकटीपुढे उभं राहिलं आणि बोट लावून मोठ्याने सुरू झालं, ‘…पाटील साहेबांचे सेवेसी विनंती ऐसीजे… पाऊस नाही, जोंधळा बुडाला… म्हैस तेवढी सोडून…’

सरदार तीन ढांगांत त्याच्यापाशी पोचले.

‘हळू वाच की रे,’ ते कानाशी कुजबुजले, ‘आणि म्हैस आली तिथं हत्ती म्हण.’